जोडीचा नंबर

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

सकाळी आईला फोन लावायला मोबाईल उचलला तर वरच्या कोपऱ्यात ‘सखा’ नव्हतं. ‘व्योम’ होतं. वाटलं, दुसऱ्या कुणाचा फोन हातात आला की काय. मग मेसेज पाहिला. ‘सखा आणि व्योम आता एक परिवार. तुमच्या आनंदात आम्हीही सहभागी.’ माझ्या कोणत्या आनंदात, ते काही लिहिलं नव्हतं.

आईचा फोन लागला. तिच्या बटणाच्या फोनवरही नाव बदललेलं.

“सुले, माह्या फोनवर काहीतरी येगळंच आलं. बिघडला का?”

“बिघडला नाही. आपल्या कंपनीचं दुसऱ्या कंपनीशी लग्न लागलं.”

“मंग नाव बदलणारच,” आई म्हणाली, आणि बोरदरीत कुणाची म्हैस व्याली ते सांगत बसली.

दुपारी लायब्ररीत कामावर असताना दुसरा मेसेज आला. ‘जोडी योजना’ या महिन्याअखेर बंद होणार. तो मी दोनदा वाचला.

जोडी घेतली ती बाबांनी, २००६च्या दिवाळीत. माझी लेक तनुजा तेव्हा सहा वर्षांची होती आणि आम्ही नुकतंच भावसिंगपुऱ्यात राहायला आलो होतो. बाबा फुलंब्रीहून येष्टीनं आले आणि मला घेऊन औरंगपुऱ्यात गेले. सखाच्या दुकानात त्यांनी दोन कार्डं घेतली. माझ्या नंबरच्या शेवटी सात, आईच्या शेवटी आठ, बाकी सगळे आकडे सारखे. दोघींनी एकमेकींशी आयुष्यभर फुकट बोलायचं. काउंटरवरचा मुलगा ‘लाईफटाईम, काका, लाईफटाईम’ म्हणत होता. बाबांनी विचारलं, “कोणाची लाईफ? आमची का कंपनीची?” तो नुसता हसला. त्याच वर्षी गावामागच्या टेकडीवर सखाचा टॉवर उभा राहिला आणि सगळ्या बोरदरीनं सखाच घेतलं.

बाबा जाऊन तेरा वर्षं झाली. तनुजाचे वडील गेले त्याला तीन वर्षं होतील. सकाळचा फोन मात्र चुकला नाही. बोलण्यासारखं असतं काय? भाकरी झाली का, डाळ कोणती टाकली. पण आईला तेवढाच आधार. एकटी बाई. माझा फोन आला नाही तर तिचा दिवस कसा सुरू होणार?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लायब्ररीतून लवकर निघून औरंगपुऱ्यात गेले. रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच सोडलं. पुढं गल्लीत दोन गाड्या समोरासमोर अडकल्या होत्या. सखाच्या दुकानाच्या जागी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान झालंय. पाटी नवी लावली, पण कडेला जुना केशरी रंग थोडा उरलाय. मी उगीच आत जाऊन उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, “किती वर्षाचं बाळ?”

तिथून जालना रोडला व्योमच्या ऑफिसात. काचेचं दार, गारवा, टोकन. काउंटरवरच्या मुलीनं माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

“पण मॅडम, तुमचं नुकसान काहीच नाहीये. आता एकाच नंबरशी नाही, सगळ्यांशीच बोलणं फ्री आहे.”

“ते मला माहितीये.”

“मग तक्रार काय लिहू?”

खरंच नुकसान काय? शेवटी म्हटलं, “लिहा, जोडी मोडू नका.” तिनं टाईप केलं. मुलगी बरी होती, हसली नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान होतं. बोटाला शाई लावून आले की फोन करते, असं आई म्हणाली होती. केला नाही. मी लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. आजही तेच. धम्मपालला वाळूजला फोन केला. तो म्हणाला, “ताई, चार्जिंग संपलं असेल. तू लगेच जिवाला लावून घेते.” लहान भाऊ असून मोठ्यासारखं बोलतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं फुलंब्री गाठली. स्टँडवर कडूबाची टमटम उभी होती. कडूबा गावचाच.

“आईला पाहिलंस का रे?”

“परवा तर दिसली की. आक्का, म्हातारी ठणठणीत हाय. आपल्या गावचा फोनच मेलाय.”

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. दोन कंपन्यांची एक झाली. व्योमचा टॉवर हमरस्त्यावर आहे, मग आमच्या टेकडीवरचा कशाला ठेवायचा, म्हणून बंद केला. पण बोरदरी पडली दोन टेकड्यांच्या मधी. रस्त्यावरच्या टॉवरची रेंज टेकडी ओलांडून येत नाही. “नकाशावर दिसत आसंल त्यांला रेंज,” कडूबा म्हणाला. “नकाशात टेकडी कुठं आसती?”

घराला कडी होती. आई वच्छलाबाईंच्या रानात कापूस वेचत होती. सत्तरी ओलांडली तरी घरात बसवत नाही तिला. मला बघून म्हणाली, “आगं, तू? आज कशी काय?”

मला रडूच आलं. म्हटलं, “तुला काही वाटलं नाही? इतके दिवस माझा फोन नाही.”

“मला वाटलं, आसशील कामात.”

खरं लिहायचं तर मला राग आला. तिनं जीव टाकायला हवा होता असं नाही. पण थोडं तरी.

निघताना अंगणातून टेकडीकडं बघितलं. दोन माणसं वर चढून काहीतरी सोडवत होती. संध्याकाळी त्या टॉवरच्या टोकाला लाल दिवा लागायचा. बाबा जेवण झाल्यावर बाज बाहेर टाकायचे आणि वच्छलाबाईंच्या नातवंडांना तो दिवा दाखवून सांगायचे, “ती बघा, आमची सुली तिथं राहती. औरंगाबादला.” पोरांना ते खरंच वाटायचं. आणि माझ्या आवाजाचं ठिकाण तेच होतं म्हटल्यावर ते तरी कुठं खोटं होतं?

२ डिसेंबर, सोमवार

व्योमचा मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे समाधान करण्यात आले आहे. आपला अनुभव कसा होता?’

मग त्यांच्या मदत केंद्राला फोन केला. एक दाबा, चार दाबा, शेवटी एक मुलगा बोलला. त्यानं पिनकोड विचारला. म्हणाला, “मॅडम, तुमच्या गावात नेटवर्क उत्तम दाखवतंय.” मी म्हटलं, “तुम्ही एकदा माझ्या आईला फोन लावून बघा.” म्हणाला, “आम्हाला इथून बाहेर फोन लावता येत नाही.”

गुलमंडीत मुजीबभाईंकडं गेले. माझे सगळे फोन त्यांनीच दुरुस्त केलेत. ते म्हणाले, “बाजी, रोज दस लोगां आरे ऐसे. किसी का दवाखाने का नंबर बंद, किसी का बँक का. अम्मा का नंबर दूसरी कंपनी में डाल देते. नंबर वही रहेगा, कंपनी बदलेगी.”

“दुसऱ्या कंपनीची रेंज येते का गावात?”

“वो तो गाँव में जाके देखना पडेगा.”

म्हणजे एकीचा नंबर इकडं, एकीचा तिकडं. मी म्हटलं, सांगते.

६ डिसेंबर, शुक्रवार

भडकल गेटला बाबासाहेबांना अभिवादन करून धम्मपाल थेट माझ्याकडं आला. चहा घेताना म्हणाला, “ताई, आता आईला तिथं ठेवण्यात अर्थ नाही. रात्री-बेरात्री काही झालं तर कळवणार कोण? माझ्या घरी दोन पोरं, दोन खोल्या. तुझ्याकडं तनुजाची खोली मोकळीच आहे.”

मी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. तिच्या काळजीनंच. दुपारी तनुजाच्या खोलीतला पलंग खिडकीकडं सरकवला, नव्या चादरी आणल्या, बारीक तांदूळही आणला. पुष्कळ दिवसांनी काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

८ डिसेंबर, रविवार

आईला घेऊन आलो. फार नको म्हणाली नाही. धम्मपालनं तिची पेटी उचलली आणि ती मागून आली. वच्छलाबाई टमटमपर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, “सरूबाई, पोचली की फोन कर.” मग दोघींनाही आठवलं.

१६ डिसेंबर, सोमवार

आठवडा छान गेला. सकाळी चहाला समोर माणूस असणं किती वेगळं! मी तर लायब्ररीतून पाचच्या ठोक्याला निघते. आईला वांग्याचं भरीत केलं, टीव्ही लावून दिला. तिला करमतंय असं मला वाटतं. बोलत कमी असते, पण म्हातारपणी माणूस कमीच बोलतं.

आज आले तर गॅलरीत खुर्चीवर फोन कानाला लावून बसलेली. मी विचारलं, “कोणाशी बोलतेस?”

“वच्छलाला लावू राहिले. हितं सगळ्या काड्या भरल्या बघ फोनवर. पण तिकडं लागत नाय.”

“तिकडं रेंजच नाही आई. कसा लागेल?”

“ते ठाव हाय मला. ती बाई बोलती ना, संपर्क क्षेत्राच्या भाईर, तिचंच ऐकते. लई गोड बोलती. पण गावातलं काईच सांगत नाय.”

मी हसले. आई हसली नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज जीव गेला होता. लायब्ररीतून लवकर घरी आले तर दाराला कुलूप, किल्ली शेजारी. शेजारीण म्हणाली, “आजी मघाशी रिक्षात बसून गेल्या.” फोन लावला तर उचलला. रेंज होती, नशीब.

“स्टँडवर हाय मी. फुलंब्रीच्या गाड्या लागत्यात तिथं.”

तिथं गेले तर आई बाकावर बसलेली आणि शेजारी कडूबा, हातात औषधाची पिशवी. आई म्हणे रोजच दुपारी तिथं येत होती. मी लायब्ररीत गेले की रिक्षा करायची, आमच्या भागातलं कुणी भेटतं का बघायची, भेटलं की गावचं विचारायची, आणि मी घरी यायच्या आत परत. शेजारणीला माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं.

कडूबा सांगत होता, “आक्का, रेंज घावली गावात. दुसऱ्या कंपनीची. फकस्त तुमच्या विहाराच्या वट्ट्यावर येती. उंचावर हाय ना. दोन पावलं खाली उतरलं की गेली.”

विहार वस्तीच्या वरच्या अंगाला आहे. बाबांनी आणि बाकीच्यांनी सुट्टीच्या दिवशी दगड वाहून तो वट्टा बांधला.

“सांजच्याला सगळं गाव तिथं,” कडूबा म्हणाला. “समदे नंबर बदलून आलेत. वच्छलाकाकू बी येती. त्यांचा पोरगा सुरतेला हाय ना, त्याच्याशी बोलायला.”

“वच्छला? आपल्या वट्ट्यावर?” आईनं विचारलं.

“रोज. पयल्या दिशी खालीच उभी होती. म्हन्ली, मला हितंच लावून द्या. हितं लागंना. मंग चढली.”

रिक्षात बसल्यावर आई मला म्हणाली, “चाळीस वर्सं. कामाला बोलवायला यायची तर पिपळाखालून हाक मारायची. वर कधी पाय ठिवला नाय तिनं.” मग थोड्या वेळानं, “गुडघे दुखत्यात तिचे. चढती कशी?”

२५ डिसेंबर, बुधवार

आईनं सकाळी पेटी भरली. धम्मपालला बोलावून घेतलं. तो चिडला. “गावात हाल काढायची हौस आहे का तुला? लोक काय म्हणतील, दोन लेकरं असून म्हातारी एकटी.”

“एकली कुठं हाय मी?” आई म्हणाली. “एकली तर हितं होते.”

धम्मपाल माझ्याकडं वळला. “ताई, तूच सांग तिला. तुझं ऐकेल.”

मी सगळं सांगितलं. तुझी शुगर, तुझे डोळे, अंधारात पडलीस तर. ती ऐकत माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसा. मग म्हणाली, “सुले, तनूला बोलावून घे चार दिस. नायतर तू जा तिच्याकडं, पुण्याला.”

विषय तिच्या जाण्याचा चालला होता. तनुजाचा त्यात काय संबंध, मला समजलं नाही. तनुजाला नोकरी आहे. तिला फोन केला की ‘मम्मा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणते, आणि असतेही. तिला कशाला त्रास द्यायचा.

धम्मपाल न जेवता गेला. मी मुजीबभाईंकडं जाऊन आईचा नंबर दुसऱ्या कंपनीत टाकायला दिला. त्यांनी आईचा अंगठा मशीनवर ठेवून घेतला. सात एका कंपनीत, आठ दुसरीत. मुजीबभाई म्हणाले, “बाजी, आप का भी डाल दूँ?” मी नको म्हटलं. का नको म्हटलं, कोण जाणे.

२९ डिसेंबर, रविवार

आईला सोडून आत्ताच आले. संध्याकाळी तिच्याबरोबर वट्ट्यावर गेले होते.

वीस-बावीस माणसं असतील. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. कुणी मुलाशी बोलतंय, कुणी मोंढ्यात भाव विचारतंय. आणि कुणाचं काही खाजगी म्हणून राहिलेलं नाही. एका सुनेचा नवरा बाहेरगावी, तो विचारतो जेवलीस का, आणि अख्खा वट्टा म्हणतो, जेवली, जेवली.

वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईला बघून उठायला लागल्या, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. आईच त्यांच्याशेजारी बसली.

“आलीस व्हय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मला वाटलं, आता शेहरवालीच झाली.”

“तू वर कशी चढली?”

“तुह्या नवऱ्यानं पायऱ्या उंच केल्या गं लई.”

“तुला चढायचं आसंल म्हून कोणी सांगितलं होतं तव्हा?” आई म्हणाली.

वट्ट्यावरचं बोलणं एकदम थांबलं. वच्छलाबाई खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, “नाय सांगितलं. चुकलंच.” आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चोळायला लागली. मागं कुणीतरी पुन्हा मोंढ्याचे भाव विचारायला सुरुवात केली.

परत येताना टमटममध्ये मला बाबांची फार आठवण आली. हे त्यांनी ऐकायला हवं होतं.

घर गार पडलंय. तनुजाच्या खोलीतला पलंग पुन्हा भिंतीकडं सरकवला.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळचा फोन आता नाही. आईचा फोन संध्याकाळी येतो, वट्ट्यावरून, आणि त्यातही मागं इतका गलका. “थांब, ह्या रूपाला बोल.” “थांब, वच्छला काय म्हणती ऐक.” मला वच्छलाबाईंशी बोलायचं नसतं. मी दिवसभराचं काही सांगायला लागले की आई म्हणते, “बरं, ठिवते माय. शेंगा फोडायच्यात.”

ती बरी आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मी तेच तर म्हणत होते. सकाळी चहा करताना अजूनही हात फोनकडं जातो. काल लावलाही. ती गोड आवाजाची बाई बोलली. मी पूर्ण ऐकून ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

नामविस्तार दिन. दरवर्षी आई-बाबा गावातून ट्रकनं यायचे, आणि बाबा गेल्यावर आई मला घेऊन जायची. विद्यापीठाच्या गेटपुढं पाय ठेवायला जागा नसायची. ती गेटला हात लावायची आणि तोच हात माझ्या कपाळाला. नामांतराच्या लाँग मार्चमध्ये बाबा चालले होते, ते दरवर्षी नव्यानं सांगायची.

यंदा म्हणाली, “ह्या वर्सी आम्ही वट्ट्यावरच करू राहिलो कार्यक्रम. तू ये.” लायब्ररीला सुट्टी नाही असं मी सांगितलं. सुट्टी मिळाली असती. रुसवाच होता तो.

संध्याकाळी एकटीच गेटला गेले. गर्दीत पुस्तकांच्या स्टॉलवर उभी होते तर लायब्ररीतून पुस्तकं नेणारी एक मुलगी भेटली. “मॅडम, तुम्ही एकट्याच?” तिनं फोटो काढू का विचारलं. काढला. फोटोत माझा चेहरा अगदी आईसारखा आलाय. तनुजाला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, ‘मम्मा, किती बारीक झालीस. मी २५ला, शनिवारी येते.’

२७ जानेवारी, सोमवार. बोरदरी

शनिवारी तनुजा खरंच आली. काल झेंडावंदन उरकून मी लायब्ररीतून परत आले तर म्हणाली, “चल, आजीकडं जाऊ.” मी म्हटलं, फोन करून कळवायला हवं. ती म्हणाली, “लागतो कुठं? असंच जाऊ.”

पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. घराला कडी. सरळ वट्ट्याकडं गेलो. आईनं लांबूनच ओळखलं, पण उठली नाही. हातात शेंगांचं सूप होतं. शेजारच्या बाईला म्हणाली, “सरक गं जरा, माही लेक आली.” तिनं मला जागा केली. तनुजाला वच्छलाबाईंनी स्वतःजवळ ओढून घेतलं आणि बाबा टेकडीवरचा दिवा कसा दाखवायचे ते सांगायला लागल्या. तनुजाला हे काहीच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं तिला.

मी शेंगा फोडायला घेतल्या. आईनं विचारलं, “बोल, काय चाललंय तुहं?”

मी सांगायला लागले. घर खायला उठतं, ते सांगितलं. सकाळी चहा गार होतो, ते सांगितलं. बायकांच्या समोर बोलले सगळं, कसं कोण जाणे. कुणी मधी बोललं नाही. आईनं माझ्या सुपातली टरफलं फुंकून उडवली आणि म्हणाली, “ठाव हाय मला. फोनवर कळायचं की रोज.”

शेवटच्या टमटमची वेळ झाली तेव्हा कडूबानं खालून हाक मारली, “आक्का, येताय का?”

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मी वट्ट्यावरूनच आईच्या फोनवरून लायब्ररीतल्या साहेबांना फोन लावला, उद्या येत नाही म्हणून सांगितलं, आणि कडूबाला हात करून म्हटलं, “जा तू.”